व्हीएमच्या गटांना कामगिरीचं उद्दिष्ट कसं द्यावं: शेअर्सना हात लावण्याआधी काय ठरवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका व्हीस्फिअर (व्हीएमवेअरचं व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअर) क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या होस्ट सर्व्हरवर, प्रॉडक्शनच्या ४० व्हीएम (व्हर्च्युअल मशीन), टेस्टिंगच्या ५ आणि रात्रीच्या रिपोर्टिंगच्या काही व्हीएम एकत्र नांदतात. प्रत्येक गटाला वेगळा रिसोर्स पूल (सीपीयू-मेमरीच्या वाटणीचा कप्पा) केला, प्रॉडक्शनला ‘हाय’ शेअर्स (तंगीत वाटा ठरवणारं वजन) दिले, टेस्टिंगला ‘लो’. तरी क्लस्टरवर ताण आला की आधी प्रॉडक्शनचीच गती मंदावते आणि टेस्टिंगला काही जाणवतही नाही. हे असं का होतं? गटाला उद्दिष्ट द्यायचं तर ते नेमकं कसं लिहायचं? आणि टेस्टिंगला सरळ मेमरी लिमिट (वापराची सक्तीची वरची मर्यादा) लावून मोकळं व्हावं का?

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो. हे गणित मी अनेक अनुभवी लोकांना चुकताना पाहिलंय, आणि सुरुवातीची काही वर्षं मीही चुकत होतो.

शेअर्स पूलला मिळतात, पूलमधल्या प्रत्येक व्हीएमला नाही. व्हीस्फिअरमध्ये पूलच्या सीपीयूला ‘हाय’ म्हणजे ८०००, ‘नॉर्मल’ म्हणजे ४००० आणि ‘लो’ म्हणजे २००० शेअर्स. हे आकडे ठरलेले आहेत. पूलमध्ये दोन व्हीएम असोत की दोनशे, ते बदलत नाहीत. रिपोर्टिंग दिवसा शांत असतं, तेव्हा ते तूर्त बाजूला ठेवू. क्लस्टरची वापरण्याजोगी ताकद १०० गिगाहर्ट्झ आहे आणि दोन्ही गटांना एकाच वेळी भरपूर सीपीयू हवाय असं धरा. प्रॉडक्शनच्या वाट्याला ८००० भागिले १००००, म्हणजे ८० गिगाहर्ट्झ. ते ४० व्हीएममध्ये वाटले की प्रत्येकीला २. टेस्टिंगला २० गिगाहर्ट्झ, वाटेकरी ५, प्रत्येकीला ४. म्हणजे ‘लो’ गटातल्या व्हीएमला ‘हाय’ गटातल्या व्हीएमच्या दुप्पट! वाटेकरी वाढले की वाटा घटतो, एवढंच हे आहे; पण पडद्यावर ‘हाय’ हा शब्द दिसतो आणि आपण निर्धास्त होतो.

आता ते सुधारू. सगळ्या व्हीएम २ व्हीसीपीयूच्या (व्हर्च्युअल सीपीयू) आहेत असं धरू. प्रॉडक्शनचे ८० व्हीसीपीयू, टेस्टिंगचे १०. प्रत्येक व्हीसीपीयूमागे ४ ला १ हे प्रमाण हवं असेल तर प्रॉडक्शनचं वजन ८० गुणिले ४, म्हणजे ३२०, आणि टेस्टिंगचं १० गुणिले १, म्हणजे १०. पूलवर ‘कस्टम’ निवडून ३२००० आणि १००० लिहा. आता त्याच तंगीत प्रॉडक्शनच्या व्हीएमला साधारण २.४ गिगाहर्ट्झ मिळतील आणि टेस्टिंगच्या व्हीएमला ०.६. प्रमाण बरोबर ४ ला १. मेमरीसाठीही हाच हिशेब, फक्त व्हीसीपीयूच्या जागी जीबी घ्यायचे. व्हीएमची भर पडली की हे आकडे पुन्हा काढावे लागतात. व्हीस्फिअर ७ पासून ‘स्केलेबल शेअर्स’ नावाची सोय आहे, ती चालू केली तर आतल्या व्हीएमनुसार पूलचं वजन आपोआप वरखाली होतं. तुमची आवृत्ती ७ किंवा त्याच्या पुढची असेल तर तीच सोय वापरा. हाताने केलेला हिशेब तिसऱ्या महिन्यात कोणी पाळत नाही.

याच कुळातली आणखी एक चूक तुमच्याकडे आहे का, ते बघून घ्या. पूल केले, पण एखादी व्हीएम कोणत्याच पूलमध्ये न टाकता क्लस्टरच्या मुळाशी तशीच राहिली. ती पूलची सख्खी भावंड ठरते. व्हीएमला ‘नॉर्मल’मध्ये प्रत्येक व्हीसीपीयूमागे १००० शेअर्स मिळतात. ती ८ व्हीसीपीयूची असेल तर ८००० झाले, म्हणजे एकटी व्हीएम तुमच्या सबंध प्रॉडक्शन पूलच्या बरोबरीला बसली. बॅकअपचा किंवा मॉनिटरिंगचा सर्व्हर बहुतेक वेळा असाच बाहेर राहिलेला सापडतो. आणि व्हीएम नुसत्या नीट लावून ठेवण्यासाठी पूल केले असतील, तर ते आजच काढा. त्या कामाला फोल्डर आहेत. पूल केला की वाटणी बदलते, मग तुमच्या मनात ते असो वा नसो.

दुसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ‘प्रॉडक्शनला हाय’ ही सेटिंग आहे, उद्दिष्ट नव्हे. उद्दिष्ट म्हणजे असं वाक्य, जे महिनाअखेरीस वाचून ‘साधलं’ किंवा ‘हुकलं’ एवढंच सांगता येतं. मेनफ्रेमच्या जगात ही शिस्त फार जुनी आहे. आयबीएमचा वर्कलोड मॅनेजर १९९०च्या दशकापासून हेच करत आलाय: कामाचे वर्ग करायचे, प्रत्येक वर्गाला उद्दिष्ट द्यायचं (इतक्या वेळात इतके टक्के व्यवहार पूर्ण, किंवा वाट बघण्याच्या तुलनेत प्रत्यक्ष काम किती), आणि त्याला १ ते ५ पैकी एक महत्त्व जोडायचं. मिळालेला प्रतिसादवेळ भागिले ठरवलेला प्रतिसादवेळ, हा झाला त्या वर्गाचा निर्देशांक. तो १ च्या खाली असेल तर उद्दिष्ट साधलंय, वर गेला तर हुकलंय. कोणाचं हुकतंय हे पाहून यंत्रणा कमी महत्त्वाच्या वर्गाकडून काढून त्याला देते. ज्यांचं कुठलंच उद्दिष्ट नाही, त्यांना उरलंसुरलं.

आपल्या हायपरव्हायझरना (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) इतकं आपोआप जमत नाही, पण विचार तसाच करता येतो. प्रत्येक गटासाठी मी चार गोष्टी लिहून घेतो: काय मोजायचं, किती हवं, कोणत्या वेळेत, आणि तंगी आली तर हा गट कितव्या क्रमांकाने माघार घेणार. तुमच्या तीन गटांचं उदाहरण देतो. प्रॉडक्शन: कामाच्या वेळेत ९५ टक्के विनंत्यांना ४०० मिलिसेकंदांच्या आत उत्तर, महत्त्व १. रिपोर्टिंग: रोजचं काम सकाळी ६ च्या आत पूर्ण, महत्त्व ३, मधल्या वेळात ते कितीही रेंगाळलं तरी चालेल. टेस्टिंग: प्रतिसादवेळेची हमी नाही, पण लॉगिन होईल आणि बिल्ड अडकून पडणार नाही एवढा तळ, महत्त्व ५. यातले आकडे माझे आहेत, तुमचे तुम्ही वापरणाऱ्यांशी बसून ठरवायचे. सरासरी मात्र लिहू नका. सरासरी २०० मिलिसेकंद असताना दर वीसातला एक माणूस तीन सेकंद ताटकळत असू शकतो, आणि तक्रार तोच करतो.

माघारीचा क्रम लिहिणं सगळ्यात जड जातं. सगळेच ‘महत्त्व १’ मागतात. अशा बैठकीत मी एकच प्रश्न विचारतो: ‘एक होस्ट बंद पडला आणि सगळ्यांना पुरत नाही, तर आधी कोणाचं काम हळू झालेलं तुम्हाला चालेल?’ त्याचं उत्तर मिळालं की वजनं आपोआप ठरतात. नाही मिळालं, तर कुठलीही सेटिंग करून उपयोग नाही. हार्डवेअरच वाढवावं लागेल, आणि तसं स्पष्ट सांगावं.

पुढची पायरी भाषांतराची. विनंतीचा प्रतिसादवेळ ॲप्लिकेशनवाले मोजतात. त्यातला किती भाग क्वेरीचा, किती नेटवर्कचा आणि किती आपला, हे त्या आकड्यातून कळत नाही. म्हणून गटाच्या उद्दिष्टाखाली प्लॅटफॉर्मचं वेगळं, आपल्या हातातलं उद्दिष्ट लागतं. सीपीयूसाठी ते रेडी टाइम: व्हीसीपीयू चालायला तयार होता, पण कोअर मिळाला नाही म्हणून थांबला, तो वेळ. महत्त्व १ च्या गटाला मी प्रत्येक व्हीसीपीयूमागे ५ टक्क्यांच्या आत ठेवतो. १० टक्क्यांच्या वर तर वापरणाऱ्यालाही जाणवायला लागतं. रिपोर्टिंगला १० चालतं, टेस्टिंगला मी आकडाच लावत नाही.

हा आकडा वाचताना दोन ठिकाणी पाय घसरतो. व्हीसेंटरचा (व्हीस्फिअर सांभाळायचं साधन) रिअल-टाइम चार्ट २० सेकंदांचे नमुने घेतो आणि रेडी मिलिसेकंदांत दाखवतो, म्हणून २०००० ने भागायचं. ४ व्हीसीपीयूच्या व्हीएमची बेरीज ४००० दिसली तर ते २० टक्के, चार व्हीसीपीयूंत वाटून प्रत्येकी ५. आता तोच चार्ट ‘मागचा दिवस’वर नेला की नमुना ५ मिनिटांचा होतो आणि भाजक ३ लाख होतो. तेच ४००० आता एकूण १.३ टक्के, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगं. चार्ट बदलला पण भाजक बदलला नाही, म्हणून विनाकारण रात्री जागवलेली माणसं मी पाहिली आहेत. दुसरी गोष्ट अशी की ईएसएक्सटॉप या होस्टवरच्या मोजणीच्या साधनातल्या रेडीच्या आकड्यात सीपीयू लिमिटमुळे रोखून धरलेला वेळही मिसळलेला असतो. होस्ट रिकामा आणि रेडी ३० टक्के, असं दिसलं की आधी लिमिट तपासा.

मेमरीचं उद्दिष्ट मी साध्या शब्दांत लिहितो: महत्त्व १ च्या गटात होस्टच्या स्वॅपमधून (मेमरी अपुरी पडली म्हणून डिस्कवर टाकलेला भाग) वाचन शून्य. बलूनिंग थोडं दिसलं तर मी घाबरत नाही. बलून, म्हणजे होस्टसाठी मेमरी परत मिळवणारा ड्रायव्हर, गेस्टमध्ये (व्हीएमच्या आतली ऑपरेटिंग सिस्टिम) फुगतो, आणि मेमरीची कोणती पानं सोडायची ते गेस्ट स्वतः ठरवतो. बहुतेकदा तो बिनकामाची पानंच सोडतो. होस्ट स्वॅप करतो तेव्हा त्याला गेस्टच्या आतलं काही माहीत नसतं, म्हणून तो नेमकं नको तेच पान डिस्कवर टाकू शकतो. मेमरीच्या शेअर्सबाबत इथेच एक सांगून ठेवतो: ते सीपीयूसारखे काटेकोर प्रमाणात वाटले जात नाहीत. कार्ल वॉल्डस्पर्गर यांनी २००२ मध्ये ईएसएक्सच्या (व्हीएमवेअरचा हायपरव्हायझर) मेमरी व्यवस्थापनावर शोधनिबंध लिहिला, त्यात ‘आयडल मेमरी टॅक्स’ची कल्पना आहे. शेअर्स भरपूर आहेत, पण मेमरी नुसती अडवून ठेवलीय, अशा व्हीएमकडून ती आधी काढून घेतली जाते. ७५ टक्के कर म्हणजे पडून असलेलं पान वापरातल्या पानाच्या चौपट महाग. तेव्हा मेमरीचे शेअर्स वाढवूनही फरक दिसत नसेल, तर त्या व्हीएमला गरजेपेक्षा जास्त रॅम दिलीय का ते बघा.

डिस्कचं थोडक्यात: महत्त्व १ च्या गटाला वाचन-लेखनाच्या लेटन्सीची (लागणारा वेळ) वरची मर्यादा लिहा, बाकीच्यांना आयऑप्सची (सेकंदाला किती वाचन-लेखनं). दोन्ही गटांचे डेटास्टोअर (व्हीएमच्या डिस्क ठेवायची जागा) एकाच स्टोरेज ॲरेवर असतील तर कागदावर वेगळे केलेले गट खाली पुन्हा एकच होतात, हे विसरू नका.

उद्दिष्टं लिहून झाली की मगच हत्यारं. माझा क्रम ठरलेला आहे: आधी आकार, मग शेअर्स, मग लागलंच तर रिझर्व्हेशन, आणि लिमिट अगदी शेवटी.

आकार म्हणजे व्हीएमचा. ८ व्हीसीपीयू दिलेल्या आणि २ पुरणाऱ्या व्हीएम ज्या क्लस्टरवर गर्दी करतात, तिथे रेडी टाइम शेअर्सनी उतरत नाही. अनेक व्हीसीपीयू असलेल्या व्हीएमला आपले व्हीसीपीयू फार मागेपुढे होऊ न देता पुढे न्यावे लागतात. त्यात जो खोळंबा होतो तो को-स्टॉप नावाने दिसतो. अशा चार व्हीएम निम्म्यावर आणल्या की शेजारच्या वीस सुधारतात. माझ्या हातून झालेल्या सुधारणांपैकी बहुतेक याच पायरीवर झाल्या आहेत.

शेअर्सचं गणित वर झालंच. त्यांचा मोठा गुण असा की ताण नसताना ते काहीच करत नाहीत. टेस्टिंगला रात्री क्लस्टर मोकळा मिळाला तर त्याने तो खुशाल वापरावा, कोणाचं काही बिघडत नाही.

रिझर्व्हेशन ही हमी आहे, आणि हमी देताना हात आखडता असावा. सीपीयूचं रिझर्व्हेशन तुलनेने निरुपद्रवी, कारण न वापरलेला भाग दुसऱ्यांना मिळतो. मेमरीचं तसं नाही: व्हीएमने एकदा पान हाताळलं की रिझर्व्हेशनमधलं ते पान परत येत नाही. मोठा जावा हीप किंवा इन-मेमरी डेटाबेस असेल तर त्या व्हीएमला पूर्ण मेमरी रिझर्व्ह करा, ते योग्यच आहे. त्याने स्वॅप फाइलही शून्यावर येते, कारण ती दिलेली मेमरी वजा रिझर्व्हेशन एवढीच असते. पूलवर केलेलं रिझर्व्हेशन मात्र कोणा एका व्हीएमच्या नावावर नसतं. ते आतल्या व्हीएमच्या गरजेप्रमाणे फिरत राहतं. ‘पूलला ६४ जीबी हमी दिली, म्हणजे माझा डेटाबेस सुरक्षित’ हा समज त्यामुळे चुकीचा. टेस्टिंगच्या पूलवरचं ‘एक्सपांडेबल’ बंद ठेवा, नाहीतर तो स्वतःची हमी संपल्यावर वरच्या पूलमधून उचलत राहतो, आणि ऐन वेळी प्रॉडक्शनची नवी व्हीएम चालू होत नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न, टेस्टिंगला मेमरी लिमिट. माझं उत्तर स्पष्ट ‘नको’ असं आहे, आणि त्याचं कारण माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे.

एका ठिकाणी डेटाबेसची व्हीएम दुपार झाली की मंद व्हायची. गेस्टमध्ये ६४ जीबी रॅम दिसत होती. होस्टवर २०० जीबीहून जास्त रिकामी. दोन दिवस आम्ही क्वेरी तपासल्या, स्टोरेजवाल्यांना धारेवर धरलं, त्यांनी त्यांचे चार्ट आणून दाखवले, ते स्वच्छ होते. मग एका सहकाऱ्याने व्हीएमच्या यादीत मेमरी लिमिटचा स्तंभ उघडला: १६ जीबी. कित्येक वर्षांपूर्वी ती व्हीएम ज्या टेम्प्लेटवरून तयार झाली, त्याच्यात कोणीतरी ते घातलं होतं. पुढे रॅम वाढत गेली, लिमिट तिथेच राहिलं. गेस्टला याची काही खबर नव्हती. त्याच्या हिशेबी ६४ जीबी आपलेच, आणि डेटाबेसने त्याप्रमाणे मोठा कॅशे मांडलेला. प्रत्यक्षात ४८ जीबी कुठून तरी काढून घ्यावेच लागणार होते. बलून मूळ सेटिंगला व्हीएमच्या मेमरीच्या ६५ टक्क्यांपर्यंतच फुगतो, म्हणजे सुमारे ४१ जीबी. उरलेले सहा-सात जीबी होस्टने कॉम्प्रेशन आणि स्वॅपमध्ये ढकलले होते. शेजारी २०० जीबी मोकळी असताना! लिमिट काढल्यावर बलून लगेच बसला, पण स्वॅपमध्ये गेलेली पानं हात लागेल तशीच परत येतात, म्हणून व्हीएम पूर्ववत व्हायला रात्रीचा रीस्टार्ट लागला.

मेमरी लिमिट म्हणजे गेस्टला एक आकडा सांगायचा आणि द्यायचा दुसराच. टेस्टिंगने कमी घ्यावं असं वाटत असेल तर त्या व्हीएमना मुळातच कमी रॅम द्या, म्हणजे गेस्टला खरा आकडा कळेल आणि तो त्यात बसवून घेईल. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी त्या बंद ठेवा. शेअर्स कमी ठेवा. एवढं पुरतं. सीपीयू लिमिटला मात्र दोन ठिकाणी जागा आहे: ठरावीक क्षमतेचा करार करून व्हीएम दिली असेल तिथे, आणि रिकाम्या नव्या क्लस्टरवर पहिले काही जण येतात तेव्हा, म्हणजे त्यांना नंतर न टिकणाऱ्या वेगाची सवय लागत नाही.

पुढेमागे दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर गेलात तर नावं बदलतील, विचार तोच राहील. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये व्हीएमचं सापेक्ष वजन १ ते १०००० असतं, मूळ १००. तिथे विंडोज सर्व्हर २०१६ पासूनची स्टोरेज क्यूओएस (सेवेचा दर्जा) पॉलिसी गटांसाठी फार चांगली आहे: ‘डेडिकेटेड’ निवडली तर किमान-कमाल आयऑप्स प्रत्येकाला स्वतंत्र, ‘ॲग्रिगेटेड’ निवडली तर सगळ्या गटाला मिळून. मोजणी ८ केबीच्या एककात होते, त्यामुळे ६४ केबीचं एक वाचन आठ धरलं जातं. आकडे लिहिताना हे ध्यानात असू द्या. लिनक्सच्या केव्हीएम हायपरव्हायझरवर हे काम सीग्रुप (प्रक्रियांचे गट करून वाटणी करणारी कर्नलची सोय) करतात. सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत सीपीयूचं वजन १ ते १००००, मूळ १००, आणि वाटणी तिथेही भावंडांमध्येच होते. म्हणजे वर सांगितलेला ४० विरुद्ध ५ चा घोळ जसाच्या तसा. लिनक्स कर्नल ४.२० पासून पीएसआय नावाची मोजणी आहे. सीपीयू, मेमरी किंवा डिस्कसाठी कामं किती टक्के वेळ अडून राहिली ते ती १०, ६० आणि ३०० सेकंदांच्या सरासरीत सांगते, आणि सीग्रुपनुसार वेगवेगळं सांगते. गटाच्या उद्दिष्टासाठी इतकं थेट मोजमाप मला दुसरीकडे क्वचितच मिळालंय.

राहिला प्रश्न, उद्दिष्ट कोणत्या परिस्थितीत साधायला हवं. ४ होस्टचा क्लस्टर ७० टक्के भरलेला असेल तर सगळं छान चालतं. एक होस्ट गेला की तोच भार तिघांवर येतो, आणि ७० चे ९३ टक्के होतात. रांगेचं गणित इथे निर्दयी आहे: एका रांगेच्या सोप्या सूत्राने प्रतिसादवेळ १ भागिले ‘१ वजा वापर’ या प्रमाणात वाढतो. म्हणजे ५० टक्के वापराला मूळ वेळेच्या दुप्पट, ८० ला पाचपट, ९० ला दहापट. अनेक कोअर असलेल्या होस्टवर वाढ इतक्या लवकर होत नाही, पण वळण तसंच असतं. म्हणून उद्दिष्टाच्या वाक्यात ‘एक होस्ट नसताना’ हे शब्द घाला आणि तशी चाचणी घ्या. नेहमीच्या गर्दीचा दिवस निवडून, सगळ्यांना सांगून, एक होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये टाका आणि दोन तास तसाच ठेवा. प्रत्येक गटाचा रेडी, स्वॅपमधलं वाचन, डिस्कची लेटन्सी आणि ॲप्लिकेशनवाल्यांचा ९५ टक्क्यांचा आकडा, असं सगळं शेजारी-शेजारी लिहून काढा. तंगी नसताना शेअर्स गप्प असतात, त्यामुळे तुमचं ३२००० आणि १००० बरोबर बसलंय की नाही, हे या दोन तासांतच कळेल. टेस्टिंगचा रेडी चढतोय आणि प्रॉडक्शनचा ५ च्या आत राहतोय, असं दिसलं तर तेच आकडे ठेवा. दोन्ही एकत्र चढले तर आधी पूलच्या बाहेर राहिलेली ती एखादी ८ व्हीसीपीयूची व्हीएम शोधा.